गोमानं बाटवलेली छडी

जुने दोस्त जमले की पाडलेली शाळा पुन्हा उभी राहते, अन् जो तो तिच्यात एक खोली वाढवतो! मी चौथी नापास. माह्या खोल्या जरा जास्तच असतील.

गोष्ट छप्पन-सत्तावनची, महागावकडची. पाटलाचा बापू वर्गात आत, मी बंजाऱ्याच्या तांड्यातला म्हणून उंबरठ्याशी, अन् गोमा बाहेर ओसरीवर. गोमाची वस्ती नुकतीच बौद्ध झाली होती. शाळेची ओसरी अजून व्हायची होती! गोमा गणितात साऱ्यांच्या पुढं, बसायला साऱ्यांच्या मागं.

*

ओसरीवरच्या पोरानं हात लावला की वस्तू बाटायची. धुऊन वाळवल्याशिवाय गुरुजी तिला शिवत नसत. बापूचे पाढे पाठ नसले की तो खिडकीतून हात जोडे, "गोमाभाऊ, छडीले जरा हात लाव ना गा!"

दिवसभर छडी उन्हात!

*

इन्स्पेक्टर येणार म्हटलं की ओसरीवरची पोरं आत. "मिसळून बसा रे!" गुरुजी ओरडत.

एकदा साहेबानं विचारलं, "इथं भेदभाव?"

"छे साहेब, एका आईची लेकरं!"

"मग पाणी पाजा."

माठाजवळ होता गोमा. त्यानं गडवा भरून दिला. साहेब घटाघटा प्याले. घसा गुरुजींचा कोरडा पडला!

जीप गेल्याबरोबर साहेबाच्या स्वागताले आलेले पाटील गरजले, "माठ फोडा!"

मी म्हटलं, "अन् साहेबाले?"

पाठीवर दोन बसल्या. त्या दिवशी नेमकी छडी कोरडी होती.

*

मग गुरुजी म्हणाले, "चला, आपापल्या जागेवर!" बाकीचे उठले. गोमा हलला नाही.

"गुरुजी, मी माह्या जागेवरच हाओ."

दुसऱ्या दिवशी पाटलानं गावातली सारी पोरं काढून घेतली. वर्गात गोमा अन् मी. मले समता-बिमता कळत नव्हती. घरी राहिलो की बकऱ्या राखा!

पंधरा दिवसांनी परीक्षा आली. सगळ्यात आधी परतला बापू, अन् गोमाले खेटून बसला. गणित कोणाचं पाहून लिहिणार?

*

दहा-बारा वर्षांनी नवी शाळा बांधली, जुनी पाडायला घेतली. निरोपाच्या कार्यक्रमाले मंडप टाकला. उमरखेडले मास्तर झालेला गोमाही आला. बापू आता शाळा कमिटीचा अध्यक्ष! माइकवर म्हणे, "या शाळेत आपण सारे पहिल्या दिवसापासून एकाच टाटपट्टीवर बसलो!"

टाळ्या!

गोमा खुर्चीवरून उठला, अन् अर्ध्या पाडलेल्या ओसरीवर जाऊन बसला. भर उन्हात.

बापू धावत गेला. "काहून गा गोमा, इथं काहून? आत ये ना!"

गोमानं मान वर करून विचारलं, "इन्स्पेक्टर आले का?"