आईची सही

मालिकेतली, नवऱ्याची नोकरी गेलेली बाई सोसायटीच्या हळदीकुंकवात वाणाच्या पिशव्यांतून गांजाच्या पुड्या वाटत होती आणि माझी आई हसून हसून खोकत होती. मी त्याच मालिकेच्या निषेधाचं पत्रक घेऊन शेजारी उभा. महिला मंडळाची अध्यक्ष म्हणून पहिली सही तिचीच हवी होती; तिने केली की बाकीच्या बायका करतात.

“आई, ती विष विकतेय.”

“कळतंय रे. पण पुडी बघ कशी बांधलीये! सगळं सांडेल.”

बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा आई घरी भाजणी करून विकायची. सोसायटीत धंद्याला बंदी होती. म्हणून बायका उसनं परत करायला आल्यासारख्या झाकलेले रिकामे डबे घेऊन यायच्या आणि भरून न्यायच्या. जिन्यात सेक्रेटरी भेटले की आई घाईघाईने त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायची. तेव्हाची ती धडधड आज तिला पडद्यावर दिसत होती आणि इतक्या वर्षांनी तिचं हसू येत होतं.

भाजणी म्हणजे गांजा नव्हे. नशेच्या धंद्याला माझा विरोध कायम आहे. पण ज्याचा निषेध करायचा, त्याच्या आत एखादं घाबरलेलं घर असू शकतं, हे मी लहानपणापासून वाचलेल्या एकाही पत्रकात नव्हतं.

“सही?” मी विचारलं.

“करते. पण पोलीस आलेत तिच्याकडे. बस आधी.”

मी बसलो. पडद्यावर बेल वाजली आणि आम्ही दोघंही एकदम ओरडलो, “उघडू नकोस गं!”