घडीमावशीची कवळी आणि आठ पॅराशूट

शूर माणसांचे पुतळे असतात. कुणी घोड्यावर, कुणी तलवार उपसून, कुणी नुसतंच बोट वर करून उभा. पण हातात काही नाही, तोंडात खालचे दातही नाहीत, आणि तरी गर्दीसमोर ताठ उभी, अशा बाईचा पुतळा कुठल्या चौकात आहे का? नाही ना? मग तिची गोष्ट तरी सांगायलाच हवी.

घडीमावशी पॅराशूटच्या घड्या घालायची. पॅराशूट घेऊन उड्या मारायला शिकवणारं एक केंद्र होतं, त्याच्या धावपट्टीला लागून पत्र्याची लांबच लांब शेड होती आणि त्या शेडमधल्या लांबच लांब टेबलावर ती एकवीस वर्षं वाकून उभी होती. पॅराशूट म्हणजे खोलीभर कापड आणि ढीगभर दोऱ्या. ते सगळं उशीएवढ्या पिशवीत कोंबायचं, आणि तेही असं की ओढल्याबरोबर सुटलं पाहिजे. एक दोरी दुसरीवरून गेली तरी वरचा माणूस खाली येतोच म्हणा, फक्त जरा लवकर येतो.

स्वतः मावशीला मात्र स्टुलावर चढलं तरी गरगरायचं. घरातला दिवा बदलायचा झाला की नवरा वर आणि मावशी खाली, स्टूल घट्ट धरून, डोळे मिटून. एकदा केंद्राच्या साहेबांनी गंमत म्हणून विचारलं, "मावशी, तुम्हीपण मारता का एक उडी?" तर बाईची अशी बोबडी वळली की तिला खुर्चीत बसवून पाणी पाजावं लागलं.

घरीही तिचा हात तसाच चालायचा. चादरी, पडदे, टॉवेल, सगळं पॅराशूटच्या पद्धतीने घडी घालून कपाटात. ही गोष्ट घडली त्या आठवड्यात नवऱ्याने भोळेपणाने एका चादरीचं टोक ओढलं, आणि सात चादरी, दोन पडदे आणि तिच्या माहेरची गोधडी एका झटक्यात त्याच्या डोक्यावर उघडली. आतून आवाज आला, "हे कपाट आहे का विमान?"

झालं. अबोला सुरू झाला. नवरा बसचा निवृत्त कंडक्टर, आयुष्यभर शेवटच्या बाकापर्यंत ओरडलेला माणूस; तो गप्प बसला की घर मोकळ्या बससारखं वाटायचं. पण माघार घेईल ती मावशी कसली. तीन दिवस दोघंही मूग गिळून बसले.

आता शेडचे नियम ऐका, कारण सगळी भानगड तिथेच आहे. घडी घालताना बोलायचं नाही. बोललं की घड्यांची मोजणी चुकते. अवजारं सगळी भिंतीवरच्या फळ्यावर. फळ्यावर प्रत्येक अवजाराची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली, म्हणजे कात्री जागेवर नसली की तिचं भूत दिसतं. अंगावरच्या एप्रनचे खिसे शिवून बंद, कारण खिशातली वस्तू कापडात पडली तर दोऱ्या अडकतील, कापड फाटेल. आणि सर्वांत मोठा नियम: काहीही हरवलं, साधी टाचणी जरी, तर त्या दिवशी बांधलेली सगळी पॅराशूट उघडायची.

मावशीने एक खिसा उसवला होता. कारण होतं तिची खालची कवळी. ती वाकलं की हिरडीला अशी रुतायची की डोळ्यांतून पाणी यायचं. मग मावशी शेडमध्ये आल्यावर कुणाचं लक्ष नाही बघून कवळी काढायची, रुमालात गुंडाळून खिशात टाकायची आणि घरी जाताना परत बसवायची. रात्री नवरा झोपला की ती पाण्याच्या ग्लासात जायची. बारा वर्षं हे चाललं होतं, आणि तिला खालचे दात नाहीत हे जगात कुणालाही माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नाही, अशी तिची ठाम समजूत होती. तिचा जीव गेला असता पण ही गोष्ट बाहेर फुटली नसती.

मग केंद्राच्या वार्षिक कार्यक्रमाचा दिवस आला. दुपारी चार वाजता आठ जण विमानातून उडी मारून आकाशात हातात हात घेऊन चक्र करणार होते. मैदानावर माणसं, खुर्च्या, मंडप, मोठे पाहुणे. मावशी पहाटे उठली, अबोला असल्यामुळे काही न बोलता, चहासुद्धा न घेता निघाली, सातला शेडमध्ये आली आणि न बोलता कामाला लागली. दुपारी दोनपर्यंत आठ पिशव्या बांधल्या. प्रत्येकीच्या चिठ्ठीवर सही केली. मग रोजच्या सवयीने खिशात हात घातला.

खिसा रिकामा.

तिने टेबलाखाली पाहिलं. कचऱ्याच्या डब्यात पाहिलं. कापड दाबून धरायच्या वाळूच्या वजनपिशव्या उचलून पाहिल्या. मग तिची नजर पिशव्या ठेवायच्या रिकाम्या मांडणीकडे गेली. आठही पिशव्या तोवर मैदानावर गेल्या होत्या, माणसांच्या पाठीवर चढल्या होत्या.

गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? बहुतेक कवळी येताना रस्त्यातच पडली असेल, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं. पण "बहुतेक" हा शब्द एकवीस वर्षांत तिने त्या टेबलावर कधी वापरला नव्हता. अंगावरचा एप्रनही न काढता ती मैदानाकडे पळाली. पळणं म्हणजे काय, साठीच्या जवळ आलेली बाई जशी पळते तसं: हात फार आणि अंतर कमी.

मैदानावर साहेब कडक इस्त्रीत माइकसमोर उभे राहून पाहुण्यांचं स्वागत करत होते. मागे आठ जण पाठीवर पिशव्या घेऊन रांगेत. मावशी थेट साहेबांपुढे गेली आणि ओठांवर हात धरून काहीतरी पुटपुटली.

"काय?" साहेब हसरा चेहरा ठेवून, ओठ न हलवता म्हणाले. "मावशी, नंतर."

"नंतर नाही. ह्यांना उडू देऊ नका."

"का?"

तोंड झाकून सांगता येईना. मावशीने हात खाली घेतला आणि सांगितलं. माइक चालू होता, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा वाक्य मैदानाच्या पार टोकापर्यंत पोचलेलं होतं.

"माझी कवळी हरवलीय. खालची. ह्या आठांपैकी एका पॅराशूटमध्ये असेल."

मंडपातून एक हसला, मग दहा, मग सगळे. पाहुणे हसले, पाहुण्यांचा ड्रायव्हर हसला. मावशीचे कान तापले, धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण तिथून ती हलली नाही.

"हसा," ती म्हणाली, आणि हेही माइकमधूनच गेलं. "हसतील त्यांचे दात दिसतील. माझे तर नाहीतच. पण आधी पिशव्या उघडा."

साहेबांनी हात टेकले. आठ पिशव्या शेडमध्ये परत आल्या. चार जणांनी घडीन् घडी, दोरीन् दोरी उलगडली. पहिल्या पिशवीत काही नाही. दुसरीत नाही. चारचे पाच वाजले, पाहुण्यांची गाडी निघून गेली, मंडप उतरायला लागला. आठवी पिशवी उघडली. कवळी नाही. "पुन्हा बघा," मावशी म्हणाली, आणि सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने स्वतःच पहिल्या पिशवीपासून पुन्हा सुरुवात केली.

तेवढ्यात फाटकाशी गडबड झाली. मावशीचा नवरा आला होता, छातीशी डबा धरून. पहारेकऱ्याला त्याने अगदी गुपचूप, म्हणजे त्याच्या मानाने गुपचूप, सांगितलं, आणि ते शेडमध्ये सगळ्यांना ऐकू आलं: "बाईमाणसाची खासगी वस्तू आहे! आत काय आहे ते मी सांगणार नाही! घरी ग्लासात राहिली होती!"

मावशीने कपाळावर हात मारला. सकाळी कवळी तोंडात बसवलीच नव्हती. तीन दिवस घरात बोलायचं नव्हतं आणि शेडमध्ये बोलायची मनाई. पहाटेपासून दात लागावेत असा एक शब्दही तिच्या तोंडून गेला नव्हता, आणि कार्यक्रमाच्या घाईत शेडमध्ये आल्यावर कवळी काढायचंही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने नवऱ्याला विचारलं. चौथ्या दिवशी अबोला सुटला तो असा.

"बारा वर्षं," तो म्हणाला. "तू लपवत होतीस म्हणून मीपण लपवलं. तू उपाशी राहशील म्हणून आलो. दात नाहीत तर खाणार काय?"

मावशीला हसू आलं आणि रडूही आलं, आणि ती दोन्ही एकदम करायला लागली. साहेबांना मात्र दोन्ही येत नव्हतं. "खिसा उसवलात," ते म्हणाले. "नियम मोडलात. आता तुमच्या घडीवर कुणी भरवसा ठेवायचा? उद्यापासून मागच्या खोलीत बसून तुटके पट्टे शिवा."

"चूक माझीच आहे," मावशी म्हणाली, आणि एकवीस वर्षांच्या टेबलावरून एकदा हात फिरवून घरी गेली. त्या संध्याकाळी तिने चादरींच्या घड्या साध्या घातल्या. नवऱ्याला ते अजिबात आवडलं नाही.

दहा दिवसांनी राहिलेला कार्यक्रम पुन्हा ठरला. मांडणीत दुसऱ्यांनी बांधलेल्या आठ पिशव्या तयार होत्या. सकाळीच उड्या मारणारे आले, एकेक चिठ्ठी उलटून सही पाहू लागले आणि पिशवी न उचलता बाजूला उभे राहिले. साहेब आले तर आठही जण भिंतीला टेकलेले.

"काय झालं?"

पुढे झाली ती त्यांच्यातली सर्वांत तरुण, जिला सगळे लांबटांगी म्हणायचे. "साहेब, मावशींच्या पिशव्या कुठायत?"

"मावशींनी नियम मोडला."

"मोडला ना. पण ते आम्हाला कुणी सांगितलं? त्यांनीच. बाकीच्यांच्या खिशांत काय असतं ते देवाला ठाऊक. चुकलं तर धावत येऊन सांगेल, अशी माझ्या माहितीत एकच बाई आहे. अहो, एवढ्या लोकांपुढे दात नाहीत म्हणून सांगितलं त्यांनी! मला तर माझं वजनसुद्धा खरं सांगवत नाही."

"म्हणजे?" साहेब दचकले. "फॉर्मवर लिहिलंय ते—"

"ते नंतर बघू. आधी मावशींना बोलवा."

पट्टे शिवायच्या खोलीच्या दारात मावशी सुई हातात धरून उभी होती. सगळं ऐकत होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, आठ जणांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग फळ्यावरची कात्री काढून तिच्या हातात दिली. मावशीने आठ पिशव्या पुन्हा बांधल्या, आठ जणांनी उडी मारली, आणि आकाशात चक्र झालं तेव्हा मावशी खाली स्टूल धरून डोळे मिटून उभी होती. स्टुलावर नवरा होता. तो वरून एकेक पॅराशूट उघडल्याचं ओरडून सांगत होता, थांब्यांची नावं सांगावीत तसं.

खिसा आता शिवलेला आहे. फळ्यावर कात्री आणि हूक यांच्यामध्ये पांढऱ्या रंगाने एक नवी आकृती काढली आहे, अर्ध्या चंद्रासारखी, आणि त्या आकृतीपुढेच खिळ्याला काचेचा ग्लास दोरीने टांगलेला असतो. सकाळी साहेब यादी वाचतात: "कात्री एक. हूक दोन. वजनपिशव्या सहा. कवळी, खालची, एक." आवाज गंभीर ठेवायला त्यांना अजून जड जातं. मावशी ग्लासात बघते आणि हात वर करते.

आठही जण विमानाकडे जाताना शेडच्या दारात थांबतात, फळ्याकडे नजर टाकतात, दात जागेवर दिसले की निघतात.