पावती न मागणारा

मागच्या दिवाळी अंकात माझी एक कथा आली. देशासाठी काहीतरी मोठं करायच्या वेडानं झपाटलेला तरुण, अन् म्हणूनच कुणाच्याही थापेला भुलणारा. संपादकांनी फोन करून सांगितलं, की नायक पटत नाही, इतकं भोळं आजकाल कुणी नसतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नसतं काय? तो माझा धाकटा भाऊ आहे.

आम्ही मूळचे पाचोडकडचे, राहायला मुकुंदवाडीत. भाऊ सैन्यभरतीसाठी रोज पहाटे मैदानावर पळायचा. दोनदा थोडक्यात हुकला. तिसरी भरती शेवटची, त्यानंतर वय निघून जाणार होतं. नेमका तेव्हाच मैदानाजवळच्या टपरीवर त्याला एक साहेब भेटला. बारीक कापलेले केस, पायात जाड बूट, बोलणं तुटक. तुझ्यासारख्यानं रांगेत कशाला उभं राहायचं, म्हणाला, गुप्त पथकासाठी तुझं नाव काढलंय. भरतीच्याच दिवशी लासूर स्टेशनला ये, गाडी न्यायला येईल. बाहेर कुठं बोलू नकोस.

दुसऱ्या कुणी कागद मागितला असता. आमच्या येड्यानं दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं दिली, वर गणवेशाच्या नावाखाली आईच्या पाटल्याही. आई म्हणाली, पावती तरी घे. तर तिच्यावरच उखडला.

"देशासाठी जाणारा पावती मागतो व्हय?"

आमच्याकडं पोरगं फौजेत निघालं की गाव बँड लावतं, गुलाल उधळतं. आम्ही स्वयंपाकघराचं दार लावून त्याला ओवाळलं. तेही कुजबुजत.

दोन दिवस तो लासूर स्टेशनच्या बाकावर बसून राहिला. गाडी आली नाही, साहेब पुन्हा कधी दिसला नाही. इकडं भरती उरकली. आता तो वाळूजला एका कंपनीत खोकी भरतो अन् मैदानाकडचा रस्ता टाळतो. लई वाईट वाटतं.

अंक मी त्याच्यापासून लपवला होता, पण त्याला सापडलाच. जेवताना शांतपणे म्हणाला, "बरी लिहिलीस. पण ह्यात बहीण कुठंय, ताई?"

ओवाळलं त्या सकाळी तो उंबऱ्यात घुटमळला होता. आधी भरतीलाच जाऊन येतो, म्हणाला होता. अन् मी, वीराची बहीण म्हणून मिरवायला निघालेली, त्याच्यावर खेकसले होते, "भितो व्हय रे?"

मग तो मुकाट्यानं लासूरला गेला.