पाय घासत चाला, एवढंच सांगायचं होतं

माझं माहेर गव्हाणचं. वडील रात्री ओहोटीला खाडीत उतरून भाल्यानं लेपी मारायचे. लेपी म्हणजे चपटा मासा, तळाच्या रेतीत अंग पुरून पडून राहतो. लहानपणापासून मी त्यांच्या मागे लागायचे, "बाबा, मला न्या ना." उत्तर ठरलेलं असायचं. "पोरीनं रातीचं खाडीत नाय जावं, बाय."

मग मी ऐकून ऐकून शिकले. संध्याकाळी ते ओट्यावर बसून भाल्याची तीन पाती दगडावर घासत आणि आल्यागेल्याला सगळं सांगत. मी शेजारी बसून तांदूळ निवडायचे. परसात केळीचं पान मातीवर टाकून बांबूनं टोचायचा सरावही मी केला होता. तो कुणी पाहिला नाही.

लग्न होऊन मी पनवेलला खांदा कॉलनीत आले. दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. थंडीत आम्ही दोघं माहेरी गेलो होतो. जेवताना नवरा सहज म्हणाला, "मला एकदा बघायचंय हो, कसे मारता ते."

वडिलांचा चेहरा उजळला. "मंग आजच चला की! भांगाचे दिवस हायत, भरती-ओहोटीला जोर नाय, पानी निवल हाय. चांद उशिरा उगवंल."

"हिलाही घेऊ या," नवरा म्हणाला.

"येऊ दे. बत्ती धरंल."

मी वीस वर्षं मागत होते ते त्याला दोन शब्दांत मिळालं, आणि तेही माझ्यासाठी! मी हसले आणि भात वाढायला घेतला.

नऊच्या सुमारास आम्ही पाण्यात उतरलो. पाणी गुडघ्याच्या खाली होतं. वडिलांनी भाला नवऱ्याच्या हातात दिला आणि मागे उभं राहून त्याच्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवली. माझ्या हातात गॅसबत्ती.

"मासा शोधू नका, पाव्हनं. मासा दिसायचा नाय. रेतीवर पानासारखी रेघ दिसंल, ती बगा. मंग दोन डोले. पानी फसवतं, मासा हाय त्यापेक्षा वर दिसतो. म्हनून जरा खाली मारा, डोक्याच्या मागं. मारल्यावर लगेच उचलू नका. दाबून धरा, खालून हात घाला."

मला शब्दन् शब्द पाठ होता. नवऱ्यानं पहिल्यांदा रेती मारली, दुसऱ्यांदाही रेतीच. वडील खळखळून हसले. आमच्या घरात कुणाच्या चुकीवर ते असे हसलेले मला आठवत नाहीत. मी भात करपवला तेव्हा तर नाहीच.

तिसऱ्यांदा भाला थरथरला. हातभर नव्हे, पण चांगली वीतभर लेपी निघाली.

"शाबास!" वडील ओरडले. "पैल्याच राती! बगितलंस का, बाय?"

बघितलं होतं. बत्ती मीच धरली होती ना.

त्यानंतर वडील टोपली आणायला बांधाकडे वळले. नवऱ्याला आता चेव चढला होता. तो एकटाच पुढे निघाला, पाय उचलून उचलून टाकत. एक गोष्ट वडील सांगायचे राहिले होते. खाडीत पाय उचलून चालायचं नसतं, तळाशी घासत न्यायचा. लेपीसारखंच पाकट माशाचं धूडही रेतीत पडलेलं असतं. पायाची चाहूल लागली की ते निघून जातं, पण अंगावर पाय पडला तर शेपटीचा विषारी काटा मारतं. वडिलांना ते इतकं अंगवळणी पडलेलं होतं की वेगळं सांगावं असं त्यांना वाटलंच नसणार.

मला माहीत होतं. मी तोंड उघडलंही. मग मनात आलं, सांगतील की त्याचे गुरू. मी गप्प राहिले. चार पावलं गेली असतील.

त्याची किंकाळी पलीकडच्या तिवरांच्या झाडीपर्यंत गेली. वडील पाणी उडवत धावत आले आणि त्याला पाठीवर घेऊन घरी आणलं. आईनं पाणी तापवलं. सोसवेल तेवढ्या कढत पाण्यात त्याचा पाय दीडेक तास बुडवून ठेवला. तो उशीत तोंड खुपसून रडत होता. मग रिक्षा करून पनवेलच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काट्याचा तुकडा काढला, इंजेक्शन दिलं.

"माजी चूक," वडील बाकावर बसून पुन्हा पुन्हा म्हणत होते. "मी बोललोच नाय." मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि त्यांना ते म्हणू देत होते.

आठवडाभर मी कळ काढली. मग घरी नवऱ्याच्या पायाची पट्टी बदलताना सांगून टाकलं. त्यानं पाय मागे ओढून घेतला. "म्हणजे तू बघत उभी होतीस?" एवढंच विचारलं. त्यानंतर कितीतरी दिवस पट्टी त्याची त्यानंच बदलली.

वडिलांना सांगायला मी एकटी गव्हाणला गेले. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी विचारलं, "तुला कसं ठाव, पाय घासत जायचं त्ये?"

"तुम्हीच सांगायचात, ओट्यावर. मी तिथेच असायचे."

"मंग यायचं व्हतं तर कदी बोलली का नाय?"

"बाबा, दर वेळी विचारायचे मी."

ते आठवू लागले. खोटं वागत नव्हते, खरंच आठवून बघत होते. शेवटी म्हणाले, "माज्या तं ध्यानात नाय."

पुढच्या भांगाला त्यांनी मला नेलं, भाला माझ्या हातात देऊन. दुसऱ्याच फटक्याला मला लेपी मिळाली, नवऱ्याच्या लेपीहून मोठी. वडिलांनी ती टोपलीत टाकली आणि म्हणाले, "चल, पानी वाढायच्या आत निगू."

नवऱ्यानं मला माफ केलं, हळूहळू. पण अजूनही घरी पाहुणे आले की वडील जावयानं पहिल्याच रात्री लेपी कशी मारली ते रंगवून सांगतात. मी चहाचे कप ठेवते आणि आत निघून जाते.