आईनं नळी काढली

निजामाचं राज्य गेलं, त्याच पावसाळ्यातली गोष्ट. आदल्या वर्षी बाळंतपणात मी तीन दिवस अडले होते. मूल मेलेलंच निघालं. तेव्हापासून माझी लघवी आपोआप गळायची, दिवसरात्र. लुगड्याचा वास मलाच सोसवत नसे. नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं, ते परत नेलं नाही.

आईनं मला दूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं, लघवीच्या जागी रबरी नळी घातली. दोन आठवडे ती काढायची नव्हती. पण आठव्याच दिवशी, फौजा येणार आणि रेल्वेगाड्या बंद होणार अशी आवई उठली आणि उठता येईल त्या सगळ्यांना घरी धाडलं. नर्सबाईनं आईला नळी काढायची रीत दोनदा दाखवली. चुडाव्याच्या स्टेशनात उतरून बैलगाडीनं गावी येताना आई सारा रस्ता ती नळी हातानं सावरून बसली होती.

नळी एका टाक्यानं अडकवलेली होती. ठरल्या दिवशी आईनं कात्री उकळून घेतली, दार लावलं. खुरपून घट्टे पडलेल्या बोटांनी ती टाका चाचपू लागली.

"माय, दिसायलंय का तुला नीट?"

"दिसायलंय. तू हालू नको."

टाका तुटला. नळी हळूहळू बाहेर आली, मागून थोडं रक्त आलं. आईनं ती फडक्यात गुंडाळली आणि भिंतीला टेकून बसली. घामानं तिची चोळी भिजली होती.

"लय दुखलं का गं?"

"न्हाई," मी म्हणाले. दुखलं होतं.

दुपारपर्यंत मी कोरडी होते. मग लघवीला लागल्याचं कळलं. वर्षानंतर पहिल्यांदा! गोठ्यामागं जाऊन बसले. झाली आणि आपली आपण थांबली. तिथंच रडू कोसळलं.

"सासरी सांगावा धाडू का?" आईनं विचारलं.

"चार दिस थांब."

तिसऱ्या दिवशी घागर उचलली आणि पायावरून कोमट धार गेली. लुगडं धुऊन वाळत घातलं. दिवसातून तिसरं लुगडं दोरीवर दिसलं, तेव्हा आई तिथं जरा थांबली आणि कामाला लागली. सांगाव्याचं तिनं पुन्हा काढलं नाही.

दिवाळीआधी सासरच्या गावचा एक पाहुणा आला. नवऱ्यानं दुसरी केली, म्हणाला. आई ओसरीवरून ताठ आवाजात बोलली, "बरं झालं. पण तिकडं सांगा, माझी लेक चांगली हाय आता. कोरडी हाय."

मी आत चुलीपुढं ओल्या लुगड्यात भाकरी थापत होते.