पगार अधिक क्वार्टर

बंगलोरच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा मला दिल्लीत एका सरकारी खात्याच्या कॉम्प्युटर विभागात लागून दोनच महिने झाले होते. बाबाही केंद्र सरकारात. आई धरून आम्ही तिघं त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. माझ्याबरोबर शिकलेले निम्मे गुडगावला पळाले होते, निम्मे बंगलोरला. पत्रातला पगार माझ्या पगाराच्या तिप्पट होता. तीन दिवस मी धड जेवले नाही.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि हिशेब मांडला. बंगलोरला भाडं, दहा महिन्यांचं डिपॉझिट, खानावळ. गुडगावला दुप्पट पगार मिळेल, पण मग क्वार्टर सुटल्यावर दिल्लीतच मुनिरकाच्या भागात भाड्याच्या खोल्या शोधा आणि रोज चार्टर्ड बसचे धक्के खा. माझ्या सरकारी पगारापुढे मात्र त्यांनी लिहिलं, 'अधिक क्वार्टर'. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. सरकारी नोकरीतली मुलगी ही तीन वर्षं वडिलांबरोबर राहिली आणि तिने घरभाडे भत्ता, म्हणजे एचआरए, घेतला नाही, तर निवृत्तीनंतर तिच्या नावावर क्वार्टर मिळू शकत होतं.

"असं घर तुझ्या त्या पगारात दिल्लीत मिळेल का? बघ तूच," बाबा म्हणाले.

मिळणार नव्हतं. आमचं दुसरं घरही नव्हतं. बाबांच्या ऑफिसातल्या लोकांनी दिल्लीतल्याच द्वारकेच्या सोसायट्यांमध्ये घरासाठी पैसे भरले तेव्हा आम्ही भरले नाहीत, कारण शेवटी पुण्यालाच जायचं, असं आईबाबा लग्न झाल्यापासून म्हणत होते. आता पुण्याचं नाव काढलं की आई विषय बदलायची. तिच्या मैत्रिणी, तिचं भजनी मंडळ, तिचा डॉक्टर, सगळं इथेच होतं. मी बंगलोरला नकार कळवला.

पण घरभाडे भत्ता माझ्या पगारात आधीच यायला लागला होता. तो बंद करायचा अर्ज मी आणखी दोन महिने दिला नाही. निव्वळ रागाने. एवढं तरी माझं, म्हणून मी ते पैसे करोलबागेत सँडलवर आणि चाटवर उडवले. मग अर्ज दिला आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

बंगलोर काही डोक्यातून गेलं नाही. रविवारी पेपर आला की मी आधी नोकरीच्या जाहिराती काढायचे, मग भाड्याच्या, आणि दोन्हींची वजाबाकी करत बसायचे. ऑफिसात खुर्चीत बूड टिकत नव्हतं. एकदा तिकडून मैत्रिणीचा फोन आला. "यार, फ्लॅट बुक केला!" मी तिचं अभिनंदन केलं आणि संध्याकाळभर आईवर खेकसले.

बाबांच्या निवृत्तीच्या महिन्यात मी क्वार्टरचा फॉर्म भरून दिला. क्लार्कने माझी पगाराची पानं उलटली.

"मॅडम, एचआरए तो लिया है आपने. चार महीने."

मी तो परत भरायला तयार होते. पण नियम तो नियम, आणि क्वार्टर गेलं.

बाबा बाल्कनीत बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ते रागावतील, म्हणजे मलाही भांडता येईल, असं मला वाटत होतं. ते रागावले नाहीत.

"बंगलोरवाले अजून घेतील का गं?" त्यांनी विचारलं.

"ती जागा कधीच भरली, बाबा."

"मी उगीच तुला अडवलं," ते म्हणाले. "आमची सोय बघितली मी."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी तीन वर्षं तरसले होते. मनातल्या मनात कितीदा तरी त्यांना ते म्हणायला लावलं होतं.

"छे हो बाबा," मी म्हणाले. "मला जायचंच नव्हतं."

त्यांना ते खरं वाटलं. चेहराच उजळला त्यांचा. मला जायचं होतं. खूप जायचं होतं.