वगळलेली तळटीप

आखूड मास्तर उंचीला ताडमाड होते. कुठल्याही दारातून आत शिरताना मान वाकवणं त्यांच्या अंगवळणीच पडलं होतं. तरी सगळं शहर त्यांना आखूड मास्तर म्हणायचं ते त्यांच्या कामामुळे. विद्वानांनी वर्षानुवर्षं खपून लिहिलेले इतिहासाचे जाडजूड ग्रंथ घ्यायचे आणि विद्यार्थ्यांसाठी, शिवाय ज्यांना इतिहासाची आवड आहे पण सवड नाही अशा साध्या वाचकांसाठी, त्यांची बोटभर जाडीची पुस्तकं करून द्यायची, हे ते काम. आधी ते शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकोच्या कामात लुडबूड करण्यापेक्षा हे बरं, असं बायकोचंही मत पडलं.

कात्री चालवण्यात मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता. सगळ्यात आधी प्रस्तावना उडवायची, कारण तिच्यात लेखक नुसते आभार मानत असतो. मग परिशिष्टं. मग ‘याबाबत मतभेद आहेत’, ‘अमक्याच्या म्हणण्यानुसार’, ‘असे म्हणता येईल’ असल्या कुंपणावर बसलेल्या शब्दांची हजामत. आणि तळटिपा तर ते वाचायचेसुद्धा नाहीत. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात विद्वान एकमेकांशी भांडत असतात, त्यात पोरांना कशाला ओढायचं, असं ते म्हणायचे. पोरांना परीक्षेत उतरवता येईल असं एक ठणठणीत वाक्य हवं असतं. ते मास्तर देत गेले आणि पोरं पास होत गेली. मूळ लेखकांपेक्षा मास्तरांचंच नाव जास्त घरांत पोचलं होतं, आणि त्यांना त्याचा गर्व नव्हता असं कोणी म्हणालं तर ती शुद्ध थाप समजावी.

पुस्तकं जिथं छापली जायची त्या छापखान्याच्या मागच्या खोलीत बांधणीचं काम चाले. खळीचा आंबूस वास, कागदाचे गठ्ठे, एकाच खिडकीचा उजेड. त्या उजेडात पुस्तकं शिवायला बसणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणायचे. छापलेल्या कागदांच्या घड्या एकावर एक ठेवून ती दोऱ्यानं अशी आवळायची की पुस्तक फाटेल पण शिलाई सुटणार नाही. मास्तर मुद्रितं तपासायला आले की दुपारचा चहा तिच्याजवळच घ्यायचे. ती त्यांची पुस्तकं शिवत होती, पण वाचत मात्र नव्हती. शिवताना वाचलं तर सुई बोटात जाते, म्हणायची.

म्हणूनच त्या दुपारी ती मास्तरांचं पुस्तक हातात घेऊन त्यांच्या टेबलापाशी आली तेव्हा त्यांना नवल वाटलं. पुस्तक शहरातल्या कारखान्यांच्या इतिहासाचं होतं. एका प्राध्यापकबाईंनी उभी हयात घालवून लिहिलेल्या मोठ्या ग्रंथाचं मास्तरांनी केलेलं आखूड रूप. बाई आता हयात नव्हत्या. मावशीनं पान उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. फार वर्षांपूर्वी काडेपेटीच्या कारखान्याला आग लागून आतले कामगार जळून मेले होते, त्याबद्दलची ती ओळ होती: ‘पहारेकरी झोपला होता, म्हणून मागचे दार उघडले गेले नाही.’

तो पहारेकरी मावशीचा बाप होता. मास्तरांना हे माहीत नव्हतं, आणि माहीत असायचं कारणही नव्हतं, कारण मावशीनं ते छापखान्यात कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या आगीनंतर लोकांनी त्यांच्या घरावरून जाताना थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. बाप फारसा बोलायचा नाही. विचारलंच कोणी, तर ‘मी जागा होतो’ एवढंच म्हणायचा, आणि तेच म्हणत गेला. आता मावशीच्या नातीला शाळेत हेच पुस्तक लावलं होतं. वर्गातल्या मुलींनी तिला झोपाळूची पणती म्हणून चिडवलं, आणि नात त्यांच्याशी हातघाईवर आली.

मावशी ओरडली नाही की रडली नाही. तिनं फक्त विचारलं, “मास्तर, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

मास्तरांनी तोंडावर आलेलं उत्तर देऊन टाकलं. “मी कुठं माझ्या मनाचं लिहितो, मावशी? बाईंच्या मोठ्या ग्रंथात तसंच आहे. बाईंनी पुराव्याशिवाय एक अक्षर लिहिलं नाही कधी.”

मावशी थोडा वेळ त्या ओळीकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, एवढ्या शिकलेल्या बाईनं शोधून लिहिलं म्हणजे खरंच असणार. पुस्तक मिटून ती आपल्या जागेवर जाऊन बसली. मास्तरांना हायसं वाटलं. इतकं की त्यांनी उरलेली मुद्रितं शीळ घालत तपासली, हेही इथं सांगितलंच पाहिजे.

दोन दिवसांनी चहाच्या वेळी मावशी नेहमीसारखी बोलली नाही. आपलं मन आता शांत झालंय, इतकी वर्षं उगाच लोकांशी भांडले, एवढंच ती म्हणाली. पण तिचा चेहरा शांत झालेल्या माणसाचा नव्हता. मास्तरांना चहा गोड लागला नाही. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळी हकीकत सांगितली, आणि शेवटी आपलं उत्तर सांगितलं, जरा ऐटीतच.

बायको भाजी निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “अहो, पण तुम्ही ते पाहून सांगितलंत, की नुसतंच सांगितलंत?”

मास्तरांनी उठून कपाटातून मोठा ग्रंथ काढला. पान सापडायला वेळ लागला नाही. मजकुरात लिहिलं होतं की चौकशी समितीच्या अहवालानुसार पहारेकरी झोपला होता. ‘चौकशी समितीच्या अहवालानुसार’ यावर त्यांच्याच लाल पेन्सिलीची रेघ होती. आणि वाक्याच्या शेवटी तळटिपेचा बारीक आकडा होता. मास्तरांनी चष्मा वर ढकलला आणि आयुष्यात पहिल्यांदा पानाच्या तळाशी नजर नेली.

समिती कारखान्याच्या मालकांनीच नेमली होती, असं बाईंनी तिथं लिहिलं होतं. मागच्या दाराची किल्ली रोज संध्याकाळी व्यवस्थापकाच्या खोलीत जमा करायचा हुकूम होता. पहारेकऱ्याकडे ती नसायचीच. आगीतून वाचलेल्या बायकांनी सांगितलं होतं की तो बाहेरून दार फोडत होता, तापलेल्या पत्र्याला हात लावून ओढत होता. समितीनं त्या बायकांना बोलावलंसुद्धा नाही. सबब अहवालातला हा आरोप मान्य करता येत नाही, असं शेवटी होतं.

मास्तरांना लाज वाटली. कान तापले, आणि तोंड बायकोपासून लपवावंसं वाटलं. नुसती चूक असती तर एक वेळ चाललं असतं. पण स्वतःचं पाप त्यांनी मेलेल्या बाईच्या माथी मारलं होतं, तेही तिचं पुस्तक न उघडता. आणि बाईंनी ज्याला सोडवलं होतं त्याला मास्तरांनी परत बांधून ठेवलं होतं. ग्रंथ मांडीवर तसाच उघडा राहिला. बायकोनं भाजीचं ताट आत नेलं आणि पुढं एक शब्द विचारला नाही, हे तिचे उपकारच म्हणायचे.

इतकं कळल्यावर माणसानं सकाळी उठून थेट मावशीकडे जायला हवं. मास्तर गेले छापखान्याच्या मालकाकडे. त्यांनी मनाशी हिशेब असा मांडला होता की पुढच्या आवृत्तीत ती ओळ गुपचूप बदलून घ्यावी, म्हणजे काम होईल आणि कोणापुढे तोंड उघडावं लागणार नाही. मालक खुशीत होता. बदला की, म्हणाला, तुमचंच पुस्तक आहे. “आणि काळजी कशाला करता, मास्तर? कोणाला कळतंय?”

हेच तर मास्तरही मनात म्हणत होते. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना ते इतकं ओंगळ वाटलं की तिथं बसवेना. ते उठून मागच्या खोलीत गेले.

मावशी शिवत होती. मास्तरांनी मोठा ग्रंथ तिच्यापुढच्या फळीवर ठेवला आणि आपण खोटं बोललो, न बघता बोललो, असं सांगितलं. मग तळटीप वाचून दाखवली. मावशीनं सुई खाली ठेवली होती. ‘तापलेल्या पत्र्याला हात लावून’ हे तिनं त्यांना आणखी एकदा वाचायला लावलं.

मास्तरांना वाटलं, आता शिव्या देईल, आणि दिल्या तर बरं होईल.

“काल मी नातीला शाळेत घेऊन गेले होते,” मावशी म्हणाली. “पोरगी ऐकेना. पणजोबा जागाच होता म्हणून हटून बसलेली. मीच तिला सगळ्या वर्गापुढं उभं केलं आणि बोलायला लावलं, की माझा पणजोबा झोपला होता, माझी चूक झाली, मी माफी मागते. तुमच्या शब्दावर, मास्तर.”

मास्तरांना बसायला जागा नव्हती, म्हणून ते उभेच राहिले. मग त्यांनी विचारलं की आपण आत्ता शाळेत गेलो तर चालेल का. मावशीनं पदराला हात पुसले आणि ती निघाली.

वर्गावरच्या बाई मास्तरांच्याच एके काळच्या विद्यार्थिनी. त्यांनी कौतुकानं आत घेतलं आणि मुलींना सांगितलं की तुमचं पुस्तक लिहिणारे सर स्वतः आलेत. मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या ऐकताना कुठं बघावं ते मास्तरांना समजेना. मावशी दारातच थांबली. नात शेवटच्या बाकावर होती, डोळे पुस्तकात.

मास्तरांनी फळ्यापाशी उभं राहून सांगायला सुरुवात केली. समिती कोणी नेमली, किल्ली कुठं असायची, कोणाला विचारलं आणि कोणाला विचारलंच नाही. सगळं आयुष्य ज्याच्यावर रेघ मारली तेच सगळं आता त्यांना सांगावंसं वाटत होतं, आणि ते लांबत चाललं. मुली चुळबुळ करू लागल्या. पुढच्या बाकावरच्या एकीनं वही उघडून हात वर केला.

“सर, थोडक्यात सांगा ना. परीक्षेत काय लिहायचं?”

बाईंनी तिला दटावलं. मास्तर म्हणाले, तिला रागावू नका, तिला असं विचारायला मीच शिकवलंय. मग मुलींकडे बघून म्हणाले, “थोडक्यात सांगतो. पहारेकरी जागा होता. मी पूर्ण न वाचता खोटं लिहिलं.”

मुलींनी माना खाली घालून पहिलं वाक्य उतरवून घेतलं. दुसरं लिहायचं की नाही, ते त्यांना कळेना.

शेवटच्या बाकावरून नात उभी राहिली. ती मास्तरांकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती.

“मग आजी, मी आधी म्हणत होते तेच खरं होतं ना?” ती म्हणाली. “तरी तू मला माफी मागायला लावलीस.”

मावशीनं चौकट धरली. तिनं उत्तर द्यायच्या आत मास्तर घाईनं म्हणाले की आजीचा काही दोष नाही, तिला मीच फसवलं. नातीनं ते ऐकून घेतलं आणि ती खाली बसली. आजीकडे मात्र तिनं पुन्हा पाहिलं नाही.

शाळेबाहेर पडल्यावर मावशी पुढं चालत होती आणि मास्तर मागं. त्यांना तिला गाठून काही बोलायचं होतं, आणि त्यांचे लांब पाय दोन ढांगांत तिच्यापर्यंत पोचलेही असते. पण छापखान्यापर्यंत ते मागंच राहिले.